करवतवाले चाचा आणि चालू तार

मंगळवार, सायंकाळ: वादळात माझ्या फाटकासमोरच्या कडुनिंबाची मोठी फांदी मोडून विजेच्या तारेवर लोंबकळली. जबाबदार: वारा, त्याच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. मंगळवार, त्यानंतर तासाभराने: ‘तार बंद करवून द्या, सकाळी फांदी उतरवतो’ अशी रास्त मागणी करण्यात आली आणि ती धुडकावण्यात आली. जबाबदार: आमच्या गृहनिर्माण संस्थेचे सचिव. बुधवार, सकाळ: ही मागणी करणाऱ्या माणसालाच कामावरून कमी करावे, असे पत्र संस्थेच्या कार्यालयात पोहोचले. जबाबदार: मी. बुधवार, दुपार: तार चालू असताना दुसऱ्याच माणसाला शिडीवर चढवण्यात आले. जबाबदार: सचिव, आणि त्यांच्या घरच्या कार्याचा मांडव घालणारा ठेकेदार. शुक्रवार: ‘फांदी काढण्याचे काम समाधानकारकरीत्या पूर्ण’ अशी नोंद इतिवृत्तात झाली. जबाबदार: अध्यक्षांसह संपूर्ण कार्यकारिणी.

यादीत माझे नाव आहे ते मी सर्वांच्या आधी मान्य करतो, कारण उरलेल्यांनी अद्याप केलेले नाही. आता ज्यांच्यावर हा अन्याय झाला त्यांच्याविषयी. मी उभी नोकरी न्यायालयात काढली आणि शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. कायदा मोडणारे, वाकवणारे, पाठ म्हणणारे आणि त्याच्या आड लपणारे असे सर्व प्रकारचे लोक मी जवळून पाहिले. परंतु कोणी पाहत नसताना, मे महिन्याच्या उन्हात, घाम निथळत असताना नियम तंतोतंत पाळणारा मनुष्य अख्ख्या छत्रपती संभाजीनगरात मला एकच भेटला; आणि त्याने कायद्याचे एकही पान उघडलेले नाही. तो झाडे कापतो.

आम्ही सगळे त्यांना करवतवाले चाचा म्हणतो. मूळचे सिल्लोडचे. तरुणपणी तिथल्या एका वखारीत लाकडे चिरायला होते, पुढे शहरात आले आणि मुकुंदवाडी स्टेशनच्या पलीकडे दोन खोल्यांत स्थायिक झाले. पेट्रोलवर चालणाऱ्या ज्या करवतीला दुकानदार चेन सॉ म्हणतात, तिला चाचा नुसते ‘मशीन’ म्हणतात, आणि ते अशा स्वरात की जगात दुसरी मशीन निर्माणच झालेली नाही. अंगाने इतके किडकिडीत, की मशीन उचलून निघाले म्हणजे कोण कोणाला घेऊन चालले आहे हे लांबून कळत नाही. आमच्या संस्थेच्या आवारातली झाडे गेली कित्येक वर्षे तेच राखीत आले. मला ते ‘वकीलसाहेब’ म्हणतात. मी वकील नव्हतो, शिरस्तेदार होतो, हे मी त्यांना पहिल्या भेटीत सांगितले, दुसऱ्या भेटीत सांगितले, आणि अजूनही सांगतो. प्रत्येक वेळी ते पूर्ण ऐकून घेतात आणि म्हणतात, “तेच की, वकीलसाहेब.”

कामाला उभे राहण्यापूर्वी चाचांची जी वेशभूषा होते, तिला लग्नातल्या नवरदेवापेक्षा अधिक वेळ लागतो. डोक्यावर शिरस्त्राण, त्याला चेहऱ्यासमोर उतरणारी जाळी, कानांवर वाटीएवढी दोन झाकणे, हातमोजे, घोट्याच्या वर येणारे जाड बूट, आणि मांडीपासून पावलापर्यंत पायांवर बांधायच्या जाडजूड पट्ट्या. या पट्ट्यांच्या आत असे तंतू असतात म्हणे, की साखळी चुकून पायाला लागलीच तर ते तंतू तिच्यात अडकतात आणि मशीन जागीच थांबते. चाचांनी त्या पुण्याहून मागवल्या होत्या. त्या बांधून ते पहिल्यांदा आमच्या गल्लीत अवतरले तेव्हा कट्ट्यावरच्या एकाने विचारले, “काय चाचा, ओपनिंगला का वन डाउन?” चाचा थांबले, जाळी वर केली, आणि शांतपणे म्हणाले, “बाळा, तिकडं बॉल लागला तं सूज येते. इकडं मशीन लागली तं पाय शोधावा लागतो.”

मशीन सुरू करण्याचा त्यांचा विधी मी इतक्यांदा पाहिला आहे, की साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून शपथेवर सांगू शकेन. मशीन सपाट जमिनीवर ठेवायची. साखळीचा ब्रेक लावलेला. मागच्या मुठीत उजव्या बुटाचे टोक रोवायचे, डाव्या हाताने पुढची मूठ दाबून धरायची, अंगठा मुठीच्या खालून वळवलेला, आणि मग दोरी ओढायची. शेजारचे निवृत्त प्राध्यापक एकदा म्हणाले, “चाचा, मी व्हिडिओत पाहिलं, तो माणूस एका हातानं मशीन खाली सोडतो आणि दुसऱ्या हातानं दोरी ओढतो. किती पटकन!” चाचांनी आदराने विचारले, “सर, त्याच माणसाचा त्याच्या पुढचा व्हिडिओ आला का?” प्राध्यापक म्हणाले, नाही आला. “मंग त्या बिचाऱ्याची खबर घ्यायला पायजे,” एवढे बोलून चाचांनी दोरी ओढली.

पेट्रोल भरायचे झाले तर इंजिन आधी निवायला हवे. ही त्यांच्या मशीनची चहाची वेळ, आणि मशीन चहा पीत नसल्यामुळे तो चाचा पितात. भरून झाल्यावर सांडलेला थेंबन्‌थेंब पुसायचा, डबा तिथेच ठेवायचा, आणि मशीन उचलून दहा पावले लांब नेऊन मगच सुरू करायची. एकदा आमच्या परसात ते डब्याचे झाकण उघडणार तोच त्यांना तुळशीपाशी उदबत्ती दिसली. माझी पत्नी म्हणाली, “विझवते मी.” चाचा म्हणाले, “नको ताई, देवाची हाय, जळू द्या पुरी.” डबा घेऊन ते फाटकाबाहेर गेले आणि उदबत्ती पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर उकिडवे बसून राहिले. कोणत्याही धर्माच्या भावना न दुखावता अग्निसुरक्षा कशी राखावी, याचे इतके स्वच्छ उदाहरण मी दुसरे पाहिलेले नाही.

खंडेनवमीचेही तसेच. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा असते: विळी, सुरी, माझे जुने टाक, शिलाई मशीन. पत्नीने एका वर्षी आग्रह धरला की चाचांच्या मशीनचीही पूजा व्हायलाच हवी, आमचीच झाडे तर ती कापते. चाचांनी मोठ्या मानाने मशीन आणली. पण आणण्यापूर्वी घरी टाकी रिकामी केली होती, तोंड पुसले होते आणि पात्यावर प्लास्टिकचे आवरण चढवले होते. त्या आवरणाला ते ‘म्यान’ म्हणतात आणि म्यानाशिवाय मशीन एक पाऊलही इकडची तिकडे नेत नाहीत. निरांजन तबकात होते ते त्यांनी हात जोडून दोन हात मागे सरकवायला लावले. पत्नी हळदकुंकू घेऊन पुढे झाली तशी म्हणाले, “ताई, मुठीला लावा. साखळीला नको. तिच्या तेलात कुंकू गेलं तं चिखल होतो, मंग ती रुसते.” झेंडूची माळही मुठीलाच बांधली. दिवसभर त्यांनी मशीनला हात लावला नाही. आमच्या घरचा नियम म्हणजे आजच्या दिवशी हत्याराला सुटी, आणि नियम म्हटला की तो कोणाचा आहे हे चाचा विचारीत नाहीत.

साखळीला धार लावताना त्यांच्याशी बोलणे म्हणजे न्यायाधीश निकाल वाचत असताना खोकणे. खडूने एका दातावर खूण करायची, गोल कानस घ्यायची, आणि प्रत्येक दाताला मोजून तेवढेच हात, एक कमी नाही की एक जास्त नाही. दात लहानमोठे झाले तर मशीन एका अंगाला ओढते, असे त्यांचे म्हणणे. मोजणी चुकली तर ते स्वतःवर इतके चिडतात, की घरचा फोनसुद्धा त्या वेळी चाची पिठाच्या डब्यात ठेवतात. आणि रस्त्याने जाताना कुठे झाड कापलेले दिसले की हे स्कूटर थांबवून खालचा भुसा चिमटीत घेणार, चोळणार, आणि हकिमासारखे निदान सांगणार. “हे बघा वकीलसाहेब, पीठ पडलंय. दात मेलेले व्हते. धार असली की छिलके पडतात, असे, नखासारखे. पीठ पडायला लागलं की माणूस जोर करतो, आणि जोर केला की मशीन उलटते.” मशीनच्या पात्याचे टोक, त्याला ते ‘नाक’ म्हणतात, त्याच्या वरच्या बाजूने काहीही शिवायचे नाही. नाकाला लाकूड लागले की मशीन लाथ मारल्यासारखी उसळून थेट माणसाच्या तोंडाकडे येते. म्हणून खांद्याच्या वर मशीन न्यायची नाही, शिडीवर उभे राहून चालवायची नाही, एका हाताने धरायची नाही. “वकीलसाहेब, हिला दात हायेत, डोळे नायत. डोळे आपले लावायचे.”

परसातली वाळलेली सुबाभूळ पाडायची होती तेव्हा त्यांनी आधी झाडाभोवती फिरून, खोड ठोकून, जुन्या तारा आणि क्लासवाल्यांच्या पाट्यांचे खिळे उपटून काढले. झाडाला खिळा ठोकणे हा अपराध आहे, हे मी त्यांना सांगितले, तर म्हणाले, “अपराध तुमच्याकडं. माझ्याकडं साखळी तुटते.” मग पळायच्या दोन वाटा आखल्या, झाड पडणार त्याच्या मागे, दोन्ही बाजूंना तिरक्या, त्यांतले कुंड्या-दगड हलवले, आणि मला म्हणाले, “तुम्ही इथं थांबणार असलात तं आधी पळून दाखवा.” आरोपीला पळू न देण्यात माझे आयुष्य गेलेले. पत्नी, शेजारचे प्राध्यापक आणि त्यांची सून यांच्या समक्ष मी या वयात दोनदा पळून दाखवले. दुसऱ्यांदा धोतर सांभाळून. झाड ठरल्या जागी पडले. पळण्याची गरज पडली नाही. “पडत नसते,” चाचा म्हणाले, “पण वाट नसली की मंग पडते.”

ते कधीही एकटे काम करीत नाहीत. सोबत त्यांचे मेहुणे असतात, गळ्यात शिटी घातलेले, साठीच्या घरातले, अत्यंत अबोल. त्यांचे काम एकच: चाचांच्या नजरेच्या टप्प्यात पण मशीनपासून लांब उभे राहायचे आणि बघायचे. कोणी खालून जाऊ लागले, वरून काही हलले, की शिटी. शिटी झाली की चाचा मशीन बंद करणार. आमचे सचिव एकदा म्हणाले, “चाचा, हे नुसते उभेच असतात की. ह्यांना कशाला आणता?” चाचा म्हणाले, “सगळ्यात अवघड काम त्यायचं हाय, साहेब. तुम्ही करून बघा. एक तास नुसतं दुसऱ्याकडं बघायचं.”

आणि तार. विजेची तार जवळ असेल तर वायरमन स्वतः येऊन ती बंद करेपर्यंत, आणि बंद केल्याचे कागदावर लिहून देईपर्यंत, चाचा म्यानातून मशीन काढत नसत. “तोंडी बंद म्हंजे चालूच,” हे त्यांचे वाक्य. पुराव्याच्या कायद्यावर मी पुष्कळ ग्रंथ हाताळले; इतके सुटसुटीत कलम कोणत्याही ग्रंथात नाही.

आता घटनेकडे येतो. मंगळवारी वादळ झाले तेव्हा मी आणि पत्नी लेकीकडे सिडकोत होतो. फांदी तारेवर पडली, तार ताणली गेली पण तुटली नाही, दिवे चालूच होते. सचिवांनी चाचांना फोन केला, ते मेहुण्यांसह लगेच आले. पुढचे संभाषण मला नंतर मेहुण्यांनी सांगितले, आणि ते त्यांच्या तोंडून मी ऐकलेले सर्वांत मोठे भाषण होते. सचिव म्हणाले, “चाचा, उद्या संध्याकाळी पोराची हळद आहे. डीजे आहे, सकाळपासून लायटिंगवाले येणार. तार बंद करून कसं चालेल?” चाचा म्हणाले, “सकाळी एक तास द्या फक्त.” “वायरमनचा एक तास मला माहितीय. दिवस घालवतील.” “मंग हळद होऊ द्या, फांदी परवा काढू. पण खालून कुणाला जाऊ देऊ नका.” “अहो, पाहुणे तिथूनच येणार ना?” चाचांनी स्कूटरच्या डिकीतून दोरी काढली, फांदीखालची जागा चारी बाजूंनी बांधून घेतली, दोरीला लाल फडकी लावली आणि ते निघून गेले. दोरीचे एक टोक माझ्या फाटकाला होते.

बुधवारी सकाळी मी घरी परतलो आणि फाटक उघडायला गेलो तर ते बांधलेले. वर फांदी लोंबकळते आहे, खाली लाल फडकी, आणि कुठे कोणाचा पत्ता नाही. कोणी बांधले, का बांधले, हे शेजारी विचारायला मला दोन मिनिटे लागली असती. मी परसाच्या दाराने आत जाऊन कागद घेतला. ‘माझ्या घराचा येण्याजाण्याचा मार्ग अनधिकृतरीत्या रोखण्यात आला असून, ज्या इसमाकडे हे काम सोपविले आहे तो उघड टाळाटाळ करीत आहे. सबब त्यास तत्काळ कामावरून कमी करण्यात यावे.’ माझ्या मनात कोणी ठेकेदार होता, सचिव होते, कोण होते मलाच ठाऊक नाही. इसमाचे नाव मी लिहिले नव्हते, कारण चौकशीच केली नव्हती. आयुष्यभर इतरांच्या अर्जांवर ‘तपशील अपुरा’ असा शेरा मारणाऱ्या माणसाने हे पत्र लिहिले, सही केली, आणि पोहोच घेतली.

माझ्या पत्राची दखल तासाभरात घेतली गेली, असे माझ्या हयातीत प्रथमच घडले. तेव्हाच मला संशय यायला हवा होता. ‘ज्येष्ठ सभासदांच्या लेखी तक्रारीवरून, कामात टाळाटाळ केल्याबद्दल झाडे कापणाऱ्या व्यक्तीस आजपासून कमी करण्यात येत आहे,’ असा संदेश सचिवांनी चाचांचा फोटो आणि माझ्या पत्राची प्रत जोडून व्हॉट्सॲपच्या गटावर टाकला. तो तिथून शेजारच्या सोसायट्यांत गेला. मी त्या गटात नाही. मला इतकेच दिसले की दुपारी मांडववाल्याने एक माणूस आणला, दोरी सोडली, शिडी लावली. चाळिशीचा माणूस, पायात रबरी चपला, अंगात बनियन. मी फाटकाशी उभा होतो आणि प्रशासन हलले म्हणून समाधानात होतो.

मशीनचा आवाज सुरू झाला. तो माणूस एका हाताने शिडी धरून, दुसऱ्या हाताने मशीन डोक्याच्या वर नेऊन कापत होता. खाली पीठ पडत होते. ते पीठ आहे एवढे मला चाचांमुळे कळत होते, आणि तरीही मी काही बोललो नाही. इतक्यात कोपऱ्यावरून चाचांची स्कूटर आली, मागे वायरमन बसलेला, आणि पाठोपाठ सायकलवर मेहुणे. चाचांकडे साधा फोन असल्यामुळे त्यांना कमी केल्याचे ठाऊकच नव्हते. सकाळपासून ते वायरमनच्या मागे फिरत होते. लांबूनच ओरडले, “खाली उतर, भाऊ.” मशीनपुढे ते ऐकू जाणे शक्य नव्हते. पात्याचे नाक मागच्या फांदीला लागले. मशीन उसळली, त्या माणसाच्या खांद्यावर आली, मग खाली पडली. तिच्यामागे तो पडला, आणि त्याच्यामागे फांदी. फांदीबरोबर तार तुटून आदल्या दिवशीच्या पावसाने ओल्या असलेल्या गवतात आली, माझ्या आणि त्याच्या मध्ये.

मी धावणार होतो. एक पाय फाटकाबाहेर पडलाही असेल. बाजूने येऊन कोणीतरी माझी कॉलर धरली. “वकीलसाहेब, एक पाऊल नाय.” वायरमन कोपऱ्यावरच्या डीपीकडे पळाला. मेहुणे रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला शिटी वाजवत लोकांना अडवत होते. आणि चाचा, माझी कॉलर न सोडता, गवतात पडलेल्या माणसाशी बोलू लागले. “ए भाऊ, इकडं बघ. माझ्याकडं. उजवा हात खांद्यावर ठेव. दाब. आणखी दाब. गाव कोणतं तुझं?” तो काहीतरी पुटपुटला. “अजिंठा? लेणीच्या अलीकडं का पलीकडं? दाब, सोडू नको. जेवून आला का? काय केलं व्हतं बायकोनं?” तो म्हणाला, “पिठलं.” “पिठलं. मस्त. डोळे उघडे ठेव. पिठल्याबरोबर काय?” डीपीकडून वायरमन ओरडला, “बंद झाली!” चाचा हलले नाहीत. “हातात घेऊन ये,” ते ओरडले. वायरमन तिन्ही फ्यूज हातात घेऊन पळत आला, ते चाचांनी मोजून पाहिले, आणि मगच माझी कॉलर सोडली. सिल्लोडच्या वखारीतल्या काळापासून ते एक पत्र्याचा डबा बाळगतात. त्यात स्वच्छ कापडाच्या घड्या, पट्ट्या. गेल्या गेल्या त्यांनी ती जखम दाबून धरली आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत हात काढला नाही.

तो माणूस वाचला. हात अजून पूर्ण वर जात नाही. संध्याकाळची हळद ठरल्या वेळी, जनरेटर लावून, पार पडली. म्हणजे जनरेटर मिळत होता. हे वाक्य वाचकांनी कृपया दोनदा वाचावे.

शनिवारी मी चाचांच्या घरी गेलो. तोवर मला संदेशाचे सगळे कळले होते. पत्र माझे होते, हे मी उंबऱ्यातच सांगितले. चाचा मशीनचा हवेचा जाळीदार फिल्टर ब्रशने झाडत बसले होते. “बसा की आधी,” म्हणाले. मी म्हणालो, मी मोठी चूक केली. ते म्हणाले, “तुमच्या चिठ्ठीत खोटं काय व्हतं? फांदी लटकत व्हतीच. फाटक बांधलंच व्हतं.” चाचींनी चहा आणून ठेवला आणि पदर सावरत त्या म्हणाल्या, “वकीलसाब, आपका कलम बहुत तेज चलता. उसको ब्रेक नहीं क्या?” चाचा दचकून म्हणाले, “अगं, मेहमान हायेत.” मी म्हणालो, त्यांना बोलू द्या. चाचींनी माझ्या बशीत बिस्किटे ठेवली.

त्यानंतर मी संस्थेला माझी तक्रार मागे घेत असल्याचे पत्र दिले. उत्तर आले: दिलेली तक्रार मागे घेण्याची उपविधीत तरतूद नाही. मी विचारले, ज्याच्यावर कारवाई केली त्याचे म्हणणे ऐकून न घेण्याची तरतूद कोणत्या उपविधीत आहे? उत्तर नाही. तार बंद करण्याची मागणी कोणी नाकारली? उत्तर नाही. जखमी माणसाच्या उपचाराबाबत काय केले? उत्तर नाही. या प्रत्येक पत्राची पोहोच माझ्यापाशी आहे. मात्र माझे ते पहिले पत्र, तपशील अपुरा असलेले, अजून फिरते आहे. आजूबाजूच्या सोसायट्यांतून चाचांना येणारे फोन थांबले. ‘उघड टाळाटाळ’ हे शब्द माझे आहेत, आणि ते मी उत्तम मराठीत लिहिले होते.

चाचा दर रविवारी एसटीने अजिंठ्याला जातात. त्या माणसाला गोल कानस कशी धरायची ते शिकवतात; त्याचा हात खांद्याच्या वर जात नाही, आणि चाचा म्हणतात, “बरं हाय, जायलाच नाय पायजे.” मागच्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा ते अंगणात होते. मशीनमधले पेट्रोल त्यांनी डब्यात काढून घेतले होते आणि मशीन तशीच सुरू करून ठेवली होती, उरलेसुरले जळून ती आपोआप थांबावी म्हणून. मी विचारले, हे काय? म्हणाले, “लई दिवस काम नसलं की असं करायचं असते. आत पेट्रोल राहिलं की साकळतं.” मी आजवर त्यांना असे करताना पाहिले नव्हते, त्यांच्या मशीनला इतके दिवस काम नसण्याची वेळच आली नव्हती. आम्ही दोघे उभे राहून ऐकत होतो. आवाज आधी चढला, मग अडखळला, मग थांबला. चाचांनी पात्यावर म्यान चढवले, मशीन फडक्यात गुंडाळली आणि फळीवर ठेवली. “चहा घेणार ना?” त्यांनी विचारले.

हा मजकूर छापायला देण्यापूर्वी मी त्यांना संपूर्ण वाचून दाखवला. चौकशी करून मग लिहावे, हे मी उशिरा शिकलो. ऐकून झाल्यावर ते एवढेच म्हणाले, “त्या भाऊच्या चपला आणि बनियन लिहिलं, ते ठीक. पण त्याची चूक व्हती असं कुठं येऊ देऊ नका. त्याला कुणी दाखवलंच नव्हतं.” मी पुन्हा वाचून पाहिले. तसे कुठे आलेले नाही.

म्हणून संस्थेच्या सचिवांना आणि अध्यक्षांना माझी मागणी आहे. येत्या सर्वसाधारण सभेत, सर्व सभासदांसमोर, उभे राहून उत्तर द्यावे: तार बंद करून मागणाऱ्या माणसाला काढले, ते कोणत्या अपराधासाठी? लेखी उत्तर मला नको. माझ्या कपाटात कागद पुष्कळ आहेत. तुमच्या आधी मी उभा राहीन आणि माझ्या वाट्याचे उत्तर देईन. चाचा येतील की नाही, ते सांगता येत नाही. त्यांना विचारले तेव्हा म्हणाले, रविवार नसला तर बघू.